हिरकणीच्या दाराला कुलूप

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरात तान्हे मूल, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. महाराजांनी तिचा गौरव केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. म्हणजे ती वाटही बंद झाली! अंगावर पाजणारी बाई कामासाठी रोज गडावर येते, तर दरवाजाचा नियम तिच्यापुरता सैल करावा, हे त्या गोष्टीत कुणालाच सुचत नाही. गोष्ट खरी की दंतकथा, हा वाद इतिहासकारांनी घालावा. पिढ्यान्‌पिढ्या आपण तिच्यातून शिकवतो ते एवढेच, की आईने कडा उतरावा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात.

एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी ज्या खोल्या झाल्या, त्यांना याच बाईचे नाव मिळाले. हिरकणी कक्ष. नाव फारच चपखल बसले. कारण कक्ष बंद, दाराला कुलूप, आत अडगळ, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे वाचतो आहोत. मी स्वतः एका बसस्थानकावर (नाव लिहीत नाही) किल्ली मागायला गेले, तर ती साहेबांकडे होती आणि साहेब जेवायला गेले होते. माझ्यासोबत दवाखान्यात निघालेल्या मुलीने शेवटी भिंतीकडे तोंड करून, पदर ओढून बाळाला पाजले. तिचे वय एकोणीस. समोरच्या भिंतीवर मातृत्वाचा महिमा सांगणारी पाटी होती.

आता दुसरीकडे पाहू. मुंबईच्या विमानतळाचे टी-२ टर्मिनल २०१४ साली सुरू झाले. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. मोठ्या विमानतळांवर बाळाला पाजायला, लंगोट बदलायला वेगळी खोली असते, गरम पाणी असते, लहान मुले घेऊन आलेल्या कुटुंबांना विमानात आधी चढू देतात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई, बाप किंवा पालकाशेजारचीच सीट द्या, असे विमान कंपन्यांना एप्रिल २०२४ मध्ये सांगण्यात आले. हे सगळे चांगलेच आहे. विमानाने जाणाऱ्या आईचेही बाळ रडते, तिचीही छाती दुधाने ठणकते. तिची सोय काढून घ्या असे मी म्हणणार नाही. माझे भांडण वेगळे आहे. ही सोय तिला गिऱ्हाईक म्हणून मिळते. महाग तिकीट घेणारीची आई म्हणूनची गरज लगेच दिसते, आणि वीस-तीस रुपयांच्या तिकिटावर तीच गरज ‘आईची सहनशक्ती’ होते.

अंबाडी हा भिवंडी-वाडा रस्त्यावरचा नाका. वज्रेश्वरी-गणेशपुरीला जाणारे इथून वळतात. आसपासच्या पाड्यांवरच्या वारली, कातकरी, मल्हार कोळी बायका, गावांतल्या कुणबी-आगरी बायका इथे येऊन गाडी धरतात. बाळ आजारी पडले की भिवंडी. तिथे भागले नाही की ठाणे किंवा कळवा. या रस्त्याच्या खड्ड्यांसाठी किती आंदोलने झाली त्याची मोजदाद नाही, पण त्या खड्ड्यांतून टाके ओले असलेली बाळंतीण कशी जाते, हा मुद्दा निवेदनात आला की पुढारी हसतात. नाक्यावर पाजायचे तर दुकानाचा आडोसा. दुकानदार भला असेल तर बाकडे देतो.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. ‘आता बायका फिरायलाच निघाल्या’ ही टोमणेबाजी आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि त्या सवलतीच्या बाजूने आपण भांडलोही आहोत. पण बायका आणि त्यांच्या कडेवरची पोरे बाहेर पडणार हे सरकारलाच हवे होते, तर पाणी, संडास, बसायला जागा यांचा विचार त्याच फायलीत का झाला नाही?

याचे एक कारण मला असे दिसते, की लहान मूल हिशेबातच धरलेले नाही. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. विमानात दोन वर्षांखालचे मूल सीटशिवाय जाते. रेल्वेतही पाचच्या आत फुकट. फुकट हे ऐकायला बरे वाटते, पण ते मूल कुठे बसते? आईच्या मांडीवर. आईची मांडी ही या देशातल्या सगळ्या वाहतुकीची बिनभाड्याची सीट आहे. मूल हिशेबात येते ते पैसे देऊ लागले की. रेल्वेने एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे लावले आणि सात वर्षांत २,८०० कोटींहून अधिक रुपये जादा मिळवले. तान्ह्या बाळाचा बर्थ मात्र मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात, दोनच ठिकाणी, प्रयोग म्हणून लागला.

आणि ‘कुटुंबासह प्रवास’ म्हणाल, तर दिवाळी झाली की आमच्या भागातून वीटभट्टीवर निघणारी कातकरी कुटुंबे पाहा. टेम्पोत भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि त्यांच्या वर आई, तिच्या ओटीत महिन्या-दोन महिन्यांचे लेकरू. यांच्यासाठी कुठलीही खोली कुठल्याही नकाशावर नाही.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतात, खोली कशाला मागायची? पाजणे हे काय लपवण्याचे काम आहे? खोली दिली की उद्या बाहेर पाजणारीला ‘आत जा’ म्हणतील. ही भीती मला पटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कलंक मानू नये असे स्पष्ट म्हटले, आणि त्याच आदेशात नव्या सार्वजनिक इमारतींत अशा जागा ठेवाव्यात असेही सांगितले. दोन्ही एकदम मागता येतात. जिला उघड्यावर पाजायचे तिने पाजावे, कुणी डोळे वटारू नयेत. पण फलाटावर शंभर नजरा झेलणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला मी तत्त्व सांगून उभे ठेवणार नाही. तमिळनाडूने २०१५ साली अशा साडेतीनशेच्या आसपास खोल्या एकदम सुरू केल्या, त्याही बसस्थानकांवर.

आणखी एक. लंगोट बदलायची सोय बहुतेक ठिकाणी बायकांच्या स्वच्छतागृहात असते. म्हणजे बापाने बदलायचे मनात आणले तरी दार बंद. अमेरिकेत २०१६ साली कायदा करून केंद्र सरकारच्या सार्वजनिक इमारतींत पुरुषांच्या स्वच्छतागृहातही ही सोय सक्तीची केली. आपल्याकडे पाजण्याच्या खोलीवर आईचे चित्र असते ते समजू शकते. पण शी धुवायला स्तन लागत नाहीत.

अंबाडीत बायकांच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा कुणी पाळणाघर किंवा रंगीत खेळणी मागितली नाहीत. पाण्याचा नळ मागितला. वारा लागणार नाही असा ओटा मागितला. एका आजीने सांगितले, छताला दोन मजबूत कड्या ठोका, झोळी आम्ही आमच्या लुगड्याची बांधू. आणि दाराला कडी आतून हवी, बाहेरून कुलूप नको. हे चार मुद्दे आम्ही महिला ग्रामसभेत ठेवणार आहोत, ठराव झाला की त्याची प्रत आगारात देऊन पोच घेणार आहोत.

तुमच्या तालुक्याच्या स्थानकावरही जाऊन या. कक्ष आहे का, उघडा आहे का, किल्ली कुणाकडे असते, आत पाणी आहे का, हे तारीख आणि वेळेसह लिहून पुढच्या अंकासाठी पाठवा. शक्यतो दुपारी जा, साहेब जेवायला गेलेले असतात तेव्हा.