नमुना चुकला की निदान चुकते

मातीचा नमुना खताच्या ढिगाखालचा घेतला, तर प्रयोगशाळेचा अहवाल फसवा येणारच. माणसाच्या तपासणीचेही तसेच आहे. गाठ कर्करोगाची की साधी, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून ठरवतो. पण त्याआधी तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवणे, मेणात बसवणे, केसाहून पातळ काप काढणे, त्याला रंग देणे, ही कामे हाताखालचा तंत्रज्ञ करतो. चिठ्ठी बदलली की एकाचे दुखणे दुसऱ्याच्या नावावर चढते.

आपल्या पोरापोरींना हे काम जमण्यासारखे आहे. मात्र तयारी दहावीनंतर लगेच सुरू व्हावी. अकरावीला विज्ञान शाखा घेऊन भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय ठेवावेत. जीवशास्त्र सोडले की पुढची वाट अडते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. हा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून वर एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावे लागते.

जुळे सोलापुरात खोली करून गावाकडची पोरं शिकतात. ‘सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन’ अशी जाहिरात दिसली की बाप भुलतो. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने दुभती म्हैस विकून असली फी भरली. हाती आला तो बिनमान्यतेचा कागद! 2021 च्या केंद्रीय कायद्यानुसार या क्षेत्रातल्या पदविकेलाही किमान दोन वर्षे आणि 2000 तास लागतात. मग सहा महिन्यांत काय होणार? आणखी एक ध्यानात ठेवा. तपासणी अहवालावर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केले. तेव्हा ‘कोर्स करा, स्वतःची लॅब टाका, स्वतःच सही करा’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

बियाण्याची पिशवी आपण लेबल वाचून, पावती घेऊन आणतो. पोराच्या शिक्षणाला तेवढी तरी पारख नको का? मान्यता कुणाची, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात आणि पावती पक्की मिळणार का, हे तीन प्रश्न फी भरण्याआधी विचारा. उत्तरे लेखी घ्या.

ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंचांनी 1 मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि हे तीन प्रश्न फलकावर लिहावेत. निकाल लागल्यावर धावपळ होते, आणि घाईत केलेली पेरणी वाया जाते, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको.