‘घरचे मानतात म्हणून’ हे उत्तर नव्हे

मेसमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, “काय रे, तुमचे देव एक की तीन?” आणि आम्ही ख्रिश्चन मुलं हसून विषय बदलतो. मला हे पटत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी त्रैक्याबद्दलच्या शंका त्यांनी तिथल्या शिक्षिकांना पत्रांतून रोखठोक विचारल्या. चर्च सांगतं म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. आपण मात्र व्हायव्हासाठी रात्रभर जागतो, श्रद्धेसाठी पान उलटत नाही! वाद जिंकायला नव्हे हो, त्यासाठी कॅन्टीन आहेच. पण मित्र मनापासून विचारत असेल, तर “फादरना विचार” म्हणून त्याला कटवणं हा त्याचा अपमान आहे. निदान मार्कचं शुभवर्तमान सलग वाचा, दीडेक तासात होतं.