चालू झाली ना, मग झालं!

मशीन बंद पडलं की आपल्याकडे दोन एक्स्पर्ट लगेच हजर होतात. पहिला म्हणतो, ‘बॅटरी गेली, नवी टाक.’ दुसरा म्हणतो, ‘वायर डायरेक्ट कर, होतंय चालू.’ बाइक असो, मिक्सर असो, औषधं हीच दोन. बिघाड नेमका कुठे आहे, हे मात्र दोघांपैकी कुणीच शोधत नाही. जुगाडाचं आपण जरा जास्तच कौतुक करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. जमिनीवर त्याची किंमत पैशांत मोजावी लागते. पाण्यावर ती जिवावर बेतू शकते. पटत नसेल तर स्टँड-अप जेट स्कीचं उदाहरण घ्या.

मालवणला किंवा कळंगुटला तुम्ही जिच्यावर राइड घेतली असेल, ती बसून चालवायची. स्टँड-अप म्हणजे एकट्याने, उभं राहून चालवायची. कावासाकीने १९७३ मध्ये आणलेली पहिली जेट स्की उभ्यानेच चालवायची होती. यामाहाची सुपरजेट १९९० मध्ये आली आणि २०२० पर्यंत टू-स्ट्रोक इंजिनवरच चालली. या मशीनवरून पडणं, ती उलटणं, लाटेत बुडी मारून वर येणं हा खेळाचाच भाग आहे. म्हणजे बॅटरी, स्टार्टर, इग्निशन हे सगळं सामान रोज पाण्याच्या शेजारी नांदतं. म्हणूनच त्यातला नाजूक भाग एका सीलबंद डब्यात ठेवलेला असतो.

मग पाणी आत जातं कसं? इंजिन चाललं की डब्यातली हवा तापते. इंजिन बंद झालं, गार पाणी लागलं की तीच हवा आकसते आणि थकलेल्या रबरी सीलमधून ओलावा आत ओढून घेते. म्हणजे डबा पाण्यात बुडालाच पाहिजे असं नाही. त्यात समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. पाणी सुकलं तरी मीठ मागे राहतं आणि हवेतला दमटपणा शोषत बसतं. तांब्याच्या तारेवर हिरवी पूड धरते, कधी कधी प्लास्टिकच्या आवरणाखाली, बाहेरून न दिसणारी. म्हणून ‘उन्हात वाळवलं, आता ठीक आहे’ हे खाऱ्या पाण्याच्या बाबतीत चालत नाही. मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवण्यातला प्रकार तोच. तसं करू नका, असं ॲपलनेही २०२४ मध्ये सांगितलं. आधी मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढायचं, मग नीट सुकवायचं, कनेक्टर साफ करायचे, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं आणि सील नवं टाकायचं. सील तेच ठेवलं तर पाणी पुन्हा त्याच वाटेने येणार.

आता समजा, बटण दाबलं आणि इंजिन सुरूच होत नाहीये. काहीच आवाज नसेल तर सेफ्टी क्लिप जागेवर आहे का, फ्यूज शाबूत आहे का, हे आधी बघा. नुसतं ‘टक्’ होऊन थांबत असेल तर मल्टिमीटर काढा. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी निवांत असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्ट करताना ती १० च्याही बरीच खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय घ्या. आकडा चांगला असेल तर आधी गंजलेलं टर्मिनल किंवा अर्थिंगची वायर तपासा.

आणि मशीन उलटल्यावर हे झालं असेल तर बटण दाबत बसूच नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. जबरदस्तीत इंजिनच मोडतं. अशा वेळी इंजिनवरचं झाकण उघडून पेट्रोलची वाफ जाऊ द्यायची, स्पार्क प्लग काढायचे, प्लगच्या वायरी अर्थ करून ठेवायच्या आणि मग इंजिन फिरवून पाणी बाहेर काढायचं. एवढं करण्यात नवीन पार्ट एकही लागला नाही, बघा.

खरा धोका पुढे आहे. इंजिन फिरतंय पण स्पार्क नाही, याचं एक नेहमीचं कारण म्हणजे स्टॉप स्विचमध्ये शिरलेलं पाणी. खात्री करायला त्या स्विचची जोडणी थोडा वेळ सोडवून स्पार्क बघतात. स्पार्क आला की चोर सापडला. इथपर्यंत ही तपासणी आहे. पण ‘चालू झाली ना, मग झालं’ म्हणत जोडणी तशीच सोडून दिली, तर मनगटाच्या दोरीला काही अर्थ उरत नाही. चालवणारा पडला की दोरीसोबत क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं, यासाठीच ती असते. स्विच बाद केला की तुम्ही पाण्यात आणि मशीन आपल्या वाटेने पुढे. त्या वाटेवर कुणी पोहत असेल तर?

यावर कुणी म्हणेल, ‘ऐन सीझनमध्ये किनाऱ्यावर गिऱ्हाईक उभं असताना मोजत कोण बसणार?’ मुद्दा खोटा नाही. बाहेरून मागवायचे पार्ट महाग असतात, वेळेवर मिळत नाहीत आणि पावसाळ्यात धंदा बंदच. जुगाड आळसातून नाही, अडचणीतून येतो, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच मोजायला हवं ना! अंदाजाने बदललेला महागडा पार्ट कुणाला परवडतो? साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत येतो आणि या तपासण्या काही मिनिटांच्या आहेत.

मी मास कॉमची विद्यार्थिनी. बातमी दुसऱ्या सोर्सकडून पडताळल्याशिवाय द्यायची नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. ‘बॅटरी गेली’ हीसुद्धा बातमीच आहे, मीटर लावेपर्यंत अफवा. ही सवय फक्त इंजिनीअरिंगवाल्यांची मक्तेदारी कशाला? आपल्या प्रॅक्टिकलमध्ये सगळं चालू स्थितीत समोर येतं, रीडिंग घ्यायचं आणि जर्नल भरायचं. मुद्दाम बिघडवलेलं सर्किट देऊन ‘शोध’ म्हणणारं एक तरी प्रॅक्टिकल प्रत्येक कॉलेजात हवं, कॉमर्स आणि आर्ट्सच्या मुलांनाही.

तोवर एक गोष्ट तुम्ही करू शकता. सुट्टीत ग्रुपसोबत कोकणात किंवा गोव्यात जेट स्कीवर बसाल, तेव्हा निघण्याआधी दादांना सांगा, ‘एकदा दोरी ओढून दाखवा ना.’ बसून चालवायच्या मशीनलाही ती असते. दोरी ओढल्यावर इंजिन बंद झालं तर बिनधास्त बसा. नाही झालं, तर पैसे परत मागा आणि मित्रांनाही बसू देऊ नका.