जहाज निवडताना

नंदुरबारच्या बाजारातील मिरचीचा हंगाम ओसरला, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की व्यापारी कुटुंबांत प्रवासाचे बेत सुरू होतात. अलीकडे त्यांत क्रूझची भर पडली आहे. सुरतमार्गे मुंबई गाठली, की जहाज समोर उभे! चौकशी मात्र बहुधा एकच होते : जैन भोजन मिळेल काय?

२०२१ पासून मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’ जहाजावर ते मिळते. परंतु कंदमुळे टळली म्हणजे सारे साधले, असे नव्हे. त्याच जहाजावर कॅसिनो आहे, मद्यालय आहे. दोन-तीन रात्रींच्या फेरीला येणारी तरुण मित्रमंडळी जागरणासाठीच येतात. सामायिक घेऊन लवकर निजणाऱ्या आजींना ती सोबत कशी मानवावी?

परदेशी कंपन्यांचे स्वभावही असेच निरनिराळे. कार्निव्हलवर गाणी, खेळ, गलबला. क्युनार्डच्या ‘क्वीन मेरी २’वर प्रशस्त ग्रंथालय आणि काही सायंकाळी औपचारिक पोशाखाचा शिरस्ता, प्रवासीही बहुधा प्रौढ. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर कॅसिनो नाही, पण १८ वर्षांखालील मुलांना प्रवेशही नाही. नातवंडांना घरी ठेवून एकत्र कुटुंब निघणार कसे? डिस्नेच्या जहाजांवरही कॅसिनो नाही, आणि मुले तर तेथील मानाचे पाहुणे.

उरतो चौविहाराचा प्रश्न. मे महिन्यात मुंबईस सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. भोजनकक्ष त्याआधी पुरेसा वेळ उघडा असतो काय, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.