रविवारचे दोन तास मुलींच्या हक्काचे करा

मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांस,



मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात किशोरवयीन मुलींचा गट चालवते. दर रविवारी दुपारी शाळेच्या एका वर्गात आम्ही जमतो. एरवी पंधरा-वीस जणी असतात, कापूस वेचणीच्या दिवसांत निम्म्याच येतात. खेळ, गाणी, गप्पा, एखाद्या विषयावर चर्चा आणि शेवटी पुढच्या रविवारी काय करायचं ते ठरवणं, एवढाच आमचा कार्यक्रम. बाहेरून बघणाऱ्याला तो अगदी साधा वाटतो. पण या दोन तासांत मुलींमध्ये जो बदल होताना मी बघते, तो दुसऱ्या कुठल्याही कार्यक्रमात मला दिसलेला नाही. म्हणून हे पत्र.

आपल्या विभागाच्या 'लेक लाडकी' योजनेत मुलीच्या जन्मानंतर 5 हजार, पहिलीत 6 हजार, सहावीत 7 हजार, अकरावीत 8 हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75 हजार रुपये मिळतात. बारावीपर्यंत एसटीचा पासही मोफत आहे. या योजनांचा खरा आधार होतो. पण सहावी आणि अकरावी यांच्या मधल्या पाच वर्षांकडे बघा. याच वर्षांत तिला पाळी येते, अंगणात उड्या मारणं बंद होतं, ओढणी सांभाळायला सांगितलं जातं. सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावाला असेल तर ती पुढे चालू ठेवायची का, यावर घरात चर्चा सुरू होते, आणि पाहुणे येऊ लागतात. आयुष्यातलं सगळं मोठं याच वर्षांत ठरतं आणि ते ठरवताना तिला कुणी विचारत नाही. तिलाही बोलायची सवय नसते, कारण बोलायला जागाच नसते.

तिच्या भावाला पार आहे, क्रिकेटचं मैदान आहे, गणेश मंडळ आहे. आईला बचत गट आहे. 1975 साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढे गावोगावी बचत गट उभे राहिले. त्या बैठकांनी किती बायका बोलत्या झाल्या, हे आपल्या विभागाइतकं कुणाला ठाऊक असणार? हप्ता भरायला म्हणून घराबाहेर पडलेली बाई पुढे ग्रामसभेत उभी राहिली, ती दर महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलायची सवय झाली म्हणून. आईला जे मिळालं ते तिच्या चौदा वर्षांच्या मुलीला का मिळू नये?

आमच्या गटातलीच एक गोष्ट सांगते. सकाळची एसटी वेळेवर येईना, मुलींचा पहिला तास रोज बुडायला लागला. घरचे म्हणू लागले, एवढी ओढाताण कशाला, शाळा सोड. रविवारी हा विषय निघाला. आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहायचं ठरलं. मी लिहून दिला असता तर दहा मिनिटांत काम झालं असतं, पण मुलींनीच लिहिला. पहिल्या मसुद्यात नुसती तक्रार होती. मग एकीनं सुचवलं की बस रोज किती वाजता येते ते वहीत मांडू आणि ती वहीच जोडू. दोन आठवडे त्यांनी वेळा लिहून काढल्या. तालुक्याला जाऊन अर्ज कोण देणार यावर मात्र सगळ्या गप्प झाल्या. शेवटी नववीतली एक मुलगी तयार झाली. वर्गात हजेरीलाही हिचा आवाज ऐकू येत नसे. बरोबर दोन मैत्रिणी होत्या, मी बाहेर बाकावर बसले. साहेबांनी तिला काय विचारलं आणि तिनं काय सांगितलं ते मला आजही तिच्या तोंडून ऐकायला आवडतं. अर्जावर पोच घ्यायला ती विसरली नाही. बस अजूनही अधूनमधून चुकते, पण त्या वर्षी आमच्या गटातल्या एकाही मुलीची शाळा बसच्या कारणानं सुटली नाही. आता घरी काही मागायचं असेल, नाही म्हणायचं असेल, तर ती मुलगी बापासमोर उभी राहून म्हणते.

तब्येतीचंही असंच आहे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या 57 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत लोहाच्या निळ्या गोळ्या मिळतात. पण सकाळी चहा पिऊन आलेली मुलगी उपाशीपोटी गोळी घेते, तिला मळमळतं आणि पुढच्या वेळी ती गोळी दप्तरातच राहते. हे मला मुलींनीच सांगितलं, तेही गटात बऱ्याच बैठका झाल्यावर. तेव्हापासून भाकरी खाल्ल्यावरच गोळी, हा आमचा नियम झाला. सुरुवातीला पाळीचा विषय निघाला की सगळ्या खाली बघायच्या. आता पोटात दुखतं, अंगावरून जास्त जातं, रात्री झोप येत नाही, हेही त्या सांगतात. प्रत्येक दुखण्यावर गट हे औषध नाही. मन फार खचलं असेल तर मुलीला किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये न्यायचं असतं किंवा टेलिमानस या मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर बोलायला बसवायचं असतं. पण तिनं आधी कुणाला तरी सांगायला हवं ना? ते सांगणं गटात होतं.

बालविवाहाबद्दल तर लिहावंच लागेल. याच सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के आहे. आमच्या बीडमध्ये ते 43 टक्क्यांच्या वर आणि परभणीत 48 टक्के आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापांची खरी काळजी असते, आणि नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' धरून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मिळते हेही खरं. बालविवाह रोखायची जबाबदारी गावात ग्रामसेवकाकडे आहे, पण त्यांच्या कानावर बातमी जाते तेव्हा मांडव पडलेला असतो. गटातली मुलगी मात्र पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्याच रविवारी सांगते. तेव्हा आईशी, आजीशी, मामाशी बोलायला वेळ हातात असतो. पोलीस बोलवायची वेळ येत नाही, मुलीचं घर तुटत नाही.

हे माझ्या एका गावापुरतं नाही. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 12 ते 18 वयाच्या अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग चालवला. आठवड्याचे पाच दिवस, संध्याकाळी तासभर. शिकवायला गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायका. काही वर्षांत तिथल्या मुलींच्या लग्नाचं मध्यक वय 16 वरून 17 वर गेलं. एक वर्ष लहान वाटेल, पण दहावीची परीक्षा त्या एका वर्षात होते.

मग असे गट सगळीकडे का नाहीत? 2010 साली केंद्राची 'सबला' योजना आली. तिच्यात किशोरींचे समूह होते, समूहात सखी आणि सहेली होत्या, किशोरी दिवस होता. कल्पना चांगली होती. पुढे ती बदलून 11 ते 14 वयाच्या शाळाबाह्य मुलींपुरती राहिली, आणि आता 14 ते 18 वयाच्या मुलींसाठीची योजना महाराष्ट्रात फक्त आकांक्षित जिल्ह्यांत, म्हणजे नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव इथं आहे. बीड त्यात नाही, परभणी नाही. जे काम चालायला पिढी लागते त्याचे नियम दर काही वर्षांनी बदलले तर गाव त्यावर विश्वास कसा ठेवणार?

3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आणि 11 ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय बालिका दिन साजरा होतो. एक दिवसाचं शिबिर होतं, बॅनर लागतं, मुलींना बिस्किटचा पुडा मिळतो. मला त्यात वाईट काही दिसत नाही. पण आत्मविश्वास असा एका दिवसात येत नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि न बदलणारी ताई लागते. तीन-चार महिने मुलगी नुसती ऐकते. मग एकदा बोलते. तिच्या बोलण्यावर कुणी हसलं नाही हे कळलं की पुन्हा बोलते. मध्येच गट बंद पडला तर ती पहिल्यापेक्षा जास्त मिटते, हेही मी पाहिलं आहे.

म्हणून विनंती अशी. प्रत्येक गावात मुलींचा आठवडी गट असावा आणि तो चालवणाऱ्या ताईला मानधन मिळावं. हे काम अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर टाकू नका; पोषण, लसीकरण, सर्वेक्षण आणि मोबाईलवरच्या नोंदी यांतून तिला श्वास घ्यायला फुरसत नाही. गावातच बारावी शिकलेल्या सुना आणि लेकी घरी बसून आहेत, त्यांना हे काम द्या आणि नीट प्रशिक्षण द्या. जागेसाठी वेगळी इमारत नको, शाळेचा वर्ग रविवारी उघडा ठेवण्याचा आदेश पुरे. गावच्या मैदानावर आठवड्यातला एक ठरलेला तास मुलींचा असावा. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. त्यातून दोऱ्या, चेंडू, पुस्तकं आणि महिन्यातून एकदा हिमोग्लोबिनची तपासणी सहज होईल. आणि कृपा करून या मुलींना पाहुण्यांच्या स्वागतगीतासाठी आणि प्रभातफेरीसाठी वेठीला धरू नये, असं परिपत्रकातच लिहावं. गट त्यांचा आहे, तिथं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

येत्या अर्थसंकल्पात किशोरी गटांसाठी स्वतंत्र तरतूद करा आणि सुरुवात बीड, परभणी, जालना या जिल्ह्यांपासून करा. आमच्या गटाची वही आणि अनुभव आपल्या अधिकाऱ्यांना केव्हाही बघता येतील. दर रविवारी दुपारी दोन वाजता आम्ही शाळेत असतो.

कळावे,
आपली नम्र,
एका किशोरी गटाची ताई