गॅस मोजला, स्लरीचं काय?

गोबरगॅस म्हटलं की आपण सगळे खूश. शेणाचा गॅस झाला, प्रश्न मिटला! मलाही बरेच दिवस असंच वाटायचं. पण जरा हिशोब मांडून बघा.

डायजेस्टरमध्ये शेणातल्या कार्बनचा काही भाग गॅस होऊन निघतो. नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र जवळपास सगळे स्लरीतच राहतात. उलट नायट्रोजनचा आणखी हिस्सा अमोनियम होतो, म्हणजे पिकाला लवकर मिळतो आणि जास्त झाला तर नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. आमच्या भाषेत, बग फिक्स झालेला नाही, दुसऱ्या मॉड्यूलमध्ये गेलाय.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली किवॉनी काउंटी घ्या. माणसांपेक्षा गाई जास्त, मातीचा थर पातळ, खाली भेगाळलेला खडक. तिथल्या कितीतरी घरगुती विहिरींत नायट्रेट आणि जंतू सापडलेत. सेप्टिक टँकचाही त्यात वाटा आहे, पण शेणाचाही आहेच.

मग स्लरी लांबच्या शेतांवर का नेत नाहीत? कारण ती ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असते. टनाला ढोबळ ४ किलो नायट्रोजन धरा. १० टनांच्या टँकरमध्ये ४० किलो, म्हणजे आपल्याकडच्या युरियाच्या जेमतेम दोन गोण्या! त्यासाठी टँकर किती लांब पळवणार?

उपाय आहे. स्क्रू प्रेसने चोथा काढायचा, मग बारीक मेम्ब्रेनने फॉस्फरसवाला गाळ अडवायचा, शेवटी आरओ. घरातल्यासारखाच, फक्त अवाढव्य. एकीकडे खताचा घट्ट अर्क, दुसरीकडे स्वच्छ पाणी. अर्थात वीज लागते, मेम्ब्रेन चोंदतात, खर्च येतो.

आणि इथेच माझं भांडण आहे. कॅलिफोर्नियाच्या इंधन-नियमांत इतर राज्यांतल्या डेअरीच्या गॅसलाही क्रेडिट मिळतं. मिथेन अडवला म्हणून. चांगलंच आहे. पण स्लरी शुद्ध केली म्हणून वेगळं काही नाही. मग डेअरीवाला गॅसवरच थांबला तर नवल काय?

कोणी म्हणेल, शेण आधीही होतंच की. मान्य. पण पर्यावरणाच्या नावाने पैसे घ्यायचे तर हिशोब पूर्ण द्यावा. क्रेडिट हवं तर नायट्रोजन कुठे गेला तेही दाखवा, एवढी एकच अट घाला. मग आरओ बसवा, जास्त जमीन घ्या नाहीतर गाई कमी करा, ज्याची त्याची मर्जी.

असो. गॅस पाइपलाइनने दूर जातो, स्लरी तिथेच राहते. शेजारच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्याला विचारा, प्रश्न मिटला का ते.