कार्ड उडाले म्हणजे ग्रंथालय जळाले!

वाचनाचे साधन बदलले, वाचनाची गरज मात्र तीच राहिली. कोपर स्थानकावर धीम्या लोकलची वाट पाहणाऱ्या, किंवा वरच्या फलाटावर वसई-दिवा मार्गाच्या गाडीसाठी थांबलेल्या आपल्या मुलामुलींच्या हातात आज पुस्तक कमी आणि मोबाईल किंवा टॅब अधिक दिसतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्या घरात एका खोलीत पाच माणसे राहतात, तेथे पुस्तकांचे कपाट ठेवायचे कोठे? नखाएवढ्या मेमरी कार्डात शेकडो ग्रंथ मावतात ही आपल्यासारख्या कष्टकरी समाजाला लाभलेली मोठी सोय आहे.

पण एखाद्या सकाळी पडद्यावर ‘कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा’ अशी सूचना येते आणि सगळे ग्रंथालय एका क्षणात नाहीसे होते. कोपरमधील स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीचे असेच झाले. दोन वर्षांची टिपणे, जुन्या प्रश्नपत्रिका आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची छायाप्रत, सारे एकाच कार्डात होते. पुस्तके पुन्हा मिळाली, प्रश्नपत्रिकाही मिळाल्या. टिपणे मात्र गेली ती गेलीच. अशी गोष्ट अनेक घरांत घडते आणि नशिबाला बोल लावून विषय संपतो. वाचकहो, यात नशिबाचा काही संबंध नाही. प्रत्येक बिघाडाला कारण असते आणि कारण कळले की उपायही सापडतो.

कार्डात अक्षर राहते कसे?

१९८७ मध्ये जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नँड फ्लॅश’ ही स्मृती जगापुढे मांडली. १९९९ मध्ये तोशिबा, मात्सुशिता (आजची पॅनासॉनिक) आणि सॅनडिस्क यांनी मिळून एसडी कार्ड आणले. पुढे त्याचे लहान रूप, मायक्रोएसडी, मोबाईलमध्ये शिरले. या कार्डात फिरणारे काही नसते. असतात ती कोट्यवधी सूक्ष्म घरे. प्रत्येक घरात विजेचा थोडासा भार कोंडून ठेवलेला असतो. भार किती आहे हे मोजून अक्षर ओळखले जाते.

पूर्वी एका घरात एकच खूण ठेवीत. भार आहे की नाही, एवढेच पाहायचे. अशी घरे सुमारे एक लाख वेळा पुसून लिहिता येत. कार्ड स्वस्त व्हावे म्हणून पुढे एकाच घरात तीन-तीन खुणा ठेवू लागले. म्हणजे भाराच्या आठ पातळ्या बारकाईने ओळखायच्या. साहजिकच चूक होण्याची शक्यता वाढली आणि पुसून लिहिण्याची मर्यादा काही शेकड्यांपासून काही हजारांवर आली. शिवाय कोंडलेला भार वर्षानुवर्षे हळूहळू झिरपतो. उष्णतेत तो लवकर झिरपतो. पत्र्याखालच्या खोलीत, मे महिन्यात, खिडकीशी ठेवलेल्या मोबाईलमधले कार्ड म्हणूनच अधिक जपावे लागते.

याउलट पाण्याची भीती आपण समजतो तेवढी नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-डोंबिवली भागातील कितीतरी घरांत पुस्तकांचा चिखल झाला. साध्या पाण्यात भिजलेले कार्ड पूर्ण वाळवून मगच यंत्रात घातले तर ते पुष्कळदा चालते. कागदाचा शत्रू पाणी आणि कार्डाचा शत्रू अर्धवट लिखाण, हे लक्षात ठेवावे.

नोंदवही फाटली की पुस्तक हरवते

अर्धवट लिखाण म्हणजे काय? एखाद्या वाचनालयाची कल्पना करा. कपाटात पुस्तके आहेत आणि कोणते पुस्तक कोठे आहे याची एक नोंदवही आहे. कार्डातही तशीच नोंदवही असते. फाईल उतरत असताना कोणी कार्ड ओढून काढले किंवा बॅटरी संपून यंत्र बंद पडले, तर नोंदवहीचे पान अर्धेच लिहिले जाते. पुस्तके कपाटात शाबूत असतात, पण त्यांचा पत्ता हरवतो. यंत्राला वाटते की कार्ड रिकामे आहे.

काहीजण म्हणतात, आम्ही तर फक्त वाचत होतो, काही उतरवीत नव्हतो. पण वाचनाचे यंत्रसुद्धा गुपचूप लिहीत असते. तुम्ही कोणत्या पानावर थांबलात, कोणती ओळ रंगवलीत, मुखपृष्ठाचे छोटे चित्र, हे सारे ते नोंदवून ठेवते. म्हणून दोन-तीन टक्के बॅटरीवर वाचत बसू नये आणि कार्ड काढण्यापूर्वी ‘कार्ड सुरक्षितपणे काढा’ हा पर्याय दाबावा, नाहीतर यंत्र बंद करावे. एवढ्या एका सवयीने निम्मी काळजी मिटते.

अर्धवट उतरलेल्या पुस्तकाचेही तसेच. पीडीएफ फाईलमध्ये तिच्या अंतरंगाची सूची शेवटी असते. ईपब हे पुस्तक तर एक बांधलेले गाठोडेच असते आणि त्याचीही यादी शेवटी. उतरवताना नेट तुटले की नेमका तो शेवटच गायब होतो आणि पाचशे पानांतले एकही पान उघडत नाही. अशा वेळी कार्डाला दोष न देता फाईलचा आकार मूळ फाईलशी जुळवून पाहावा आणि पुन्हा उतरवून घ्यावी.

स्वस्तातले ‘मोठे’ कार्ड

स्थानकाबाहेरच्या ठेल्यावर फार कमी किमतीत फार मोठे कार्ड मिळते. त्यातली काही कार्डे फसवी असतात. आत जागा आठ जीबीची, पण यंत्राला सांगतात चौसष्ट. पहिली आठ जीबी भरेपर्यंत सर्व ठीक चालते. त्यानंतरचे लिखाण कोठेच जात नाही किंवा जुन्यावरच चढते. नावे दिसतात, फाईल उघडत नाही. फसवणूक कळते तेव्हा विकणारा सापडत नाही.

यावर उपाय सोपा आहे. नवे कार्ड घेतले की ते पूर्ण भरून पाहावे आणि सर्वांत शेवटी टाकलेल्या फाईली उघडून पाहाव्यात. संगणक असेल तर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफथ्री’ या फुकट मिळणाऱ्या प्रणाली हेच काम नेमकेपणाने करतात. मात्र चौसष्टच्या कार्डावर साठच्या आसपास दिसले तर ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या, म्हणून हा फरक पडतो.

दुसरी गोष्ट यंत्राच्या वयाची. बत्तीस जीबीपर्यंतची कार्डे एका पद्धतीने मांडलेली असतात, त्यावरची दुसऱ्या. जुन्या टॅबला ही दुसरी पद्धत वाचता येत नाही आणि तो लगेच ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारतो. कार्ड धडधाकट असते, पण ‘हो’ दाबले की सर्व पुसले गेले!

तिसरी गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते. २०१५ पासूनच्या अँड्रॉइड प्रणालीत कार्डाला ‘मोबाईलची अंतर्गत स्मृती’ बनविण्याचा पर्याय आला. काही मोबाईलांत तो असतो. तो स्वीकारला की कार्डावर त्या मोबाईलचे कुलूप बसते. मोबाईल फुटला तर कार्ड दुसऱ्या कोणत्याही यंत्रात वाचता येत नाही. पुस्तके ठेवायची असतील तर कार्ड ‘बाह्य’ म्हणूनच वापरावे.

अक्षरे बिघडली की फाईल?

मराठी वाचकाला आणखी एक चकवा बसतो. जुने लेख उघडले की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो आणि आपण म्हणतो, फाईल करप्ट झाली. पुष्कळदा फाईल ठणठणीत असते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र फाँटमध्ये टंकित होत असे. तो फाँट यंत्रात नसेल तर मजकूर वाचता येत नाही. अशा फाईली फेकून देऊ नयेत. फाँट मिळवून किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेऊन त्या वाचता येतात. आपल्या चळवळीच्या कितीतरी स्मरणिका आणि विशेषांक याच रूपात पडून असतील.

कार्ड उडाल्यावर काय करावे?

पहिला नियम म्हणजे त्या कार्डावर नवीन काहीही लिहू नये. फॉरमॅटला ‘नाही’ म्हणावे, कार्ड काढावे आणि कार्ड रीडरमधून संगणकाला जोडावे. पुष्कळदा दोष कार्डाचा नसून मोबाईलच्या खाचेतील धुळीचा असतो. तरीही दिसले नाही तर ‘फोटोरेक’ ही फुकट प्रणाली नोंदवहीकडे न पाहता थेट कपाट धुंडाळते. फाईलींची नावे हरवतात, पण मजकूर बराचसा हाती लागतो. सापडलेले मात्र त्याच कार्डावर न ठेवता दुसरीकडे ठेवावे. संगणकाच्या दुरुस्तीचा पर्याय आधी वापरू नये, कारण तो नोंदवही सरळ करताना मजकुराचे तुकडे करून ठेवतो. कार्ड कोणत्याच यंत्रात ओळखले जात नसेल तर घरगुती उपाय संपले असे समजावे.

परत मिळणारे आणि न मिळणारे

कार्डात दोन प्रकारचा ऐवज असतो. एक, जो पुन्हा मिळतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून, वसंत मून यांच्या संपादनाखाली, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड काढायला सुरुवात केली. ते खंड आज सरकारी संकेतस्थळांवरून फुकट उतरवून घेता येतात. ते कार्डातून गेले तर एका संध्याकाळचे काम वाढले, एवढेच.

दुसरा ऐवज पुन्हा मिळत नाही. स्वतः काढलेली टिपणे, आईच्या आवाजातली गाणी, वडिलांचे शेवटचे छायाचित्र यांची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. जात पडताळणीसाठी लागणारे पुरावे असेच. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांच्या जीर्ण दाखल्याची छायाप्रत म्हणजे नातवाचा प्रवेश आणि नातीची नोकरी. ती एका नखाएवढ्या कार्डाच्या भरवशावर ठेवायची काय?

एकच प्रत असण्याची किंमत आपल्या समाजाने मोजली आहे. १९६७ च्या जानेवारीत दिल्लीच्या २६, अलीपूर रोड येथील घरातून बाबासाहेबांचे कागद बाहेर काढून आवारात टाकण्यात आले आणि पावसात भिजून त्यांतले बरेच नष्ट झाले. त्यांत काय लिहिलेले होते, ते आता कोणीही सांगू शकणार नाही.

म्हणून ‘तीन-दोन-एक’ हा साधा नियम घरात लावावा. प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. मोबाईलमध्ये एक, पेन ड्राईव्हवर एक आणि गावी भावाकडे किंवा नेटवरच्या साठ्यात एक. कागदपत्रांसाठी सरकारचे डिजिलॉकर आहे. अस्सल दाखला मात्र प्लॅस्टिकच्या पाकिटात कोरडा जपावा. वर्षातून एकदा, १४ एप्रिलच्या आधी घर आवरतो तेव्हा, सर्व प्रती उघडून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हेच.

आमची एक सूचना आहे. रविवारी आपण विहारात जमतो. संगणक येणाऱ्या दोन-तीन तरुणांनी महिन्यातून एक रविवार लॅपटॉप आणि कार्ड रीडर घेऊन बसावे आणि वस्तीतल्या आई-मावशींच्या मोबाईलमधील मोलाचा ऐवज उतरवून द्यावा. खर्च काही नाही, दोन तासांचे काम आहे. शिकलेल्याने आपले शिक्षण समाजाच्या कामी आणावे असे आपण नेहमी म्हणतो. त्याची सुरुवात इतक्या लहान कामापासूनही होऊ शकते.